जुन्या कचेऱ्यांचा गारवा आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब

नरिमन पॉइंटच्या समुद्रकाठी १९७४ मध्ये उभी राहिलेली एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरविले. राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मधला, केंद्र सरकारची संमती मार्च २०२४ मधली. अशा व्यवहारांची चर्चा होते ती किमतीची, जागेची आणि कोणत्या खात्याला कोणता मजला मिळणार याची. पन्नाशी गाठलेली इमारत पुढील पंचवीस-तीस वर्षे थंड ठेवावयाची तर दरसाल किती वीज लागेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक इमारतीची किंमत एकदाच द्यावी लागते. ती वापरण्याची किंमत ती उभी असेपर्यंत दरमहा द्यावी लागते.

हा प्रश्न एका इमारतीपुरता नाही. स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत बांधलेल्या शासकीय कचेऱ्या, बँकांची व विमा कंपन्यांची कार्यालये, विद्यापीठांची प्रशासकीय भवने आज एकाच वेळी वयात आली आहेत. मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणेचे आयुष्य साधारणपणे वीस-पंचवीस वर्षांचे. तेव्हा जिथे ती बसविली गेली तिथे ती एकदा तरी बदलण्याची वेळ येतेच. ही बदली कशी करावी यावर पुढील दोन दशकांचे वीजबिल ठरते. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची सर्वोच्च मागणी सुमारे २५० गिगावॉटपर्यंत गेली. हा दिवस ऐन उन्हाळ्यातला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. थंडाव्याची गरज हा आता केवळ सुखवस्तू वर्गाच्या सोयीचा विषय उरलेला नसून तो वीजनिर्मितीच्या नियोजनाचा आणि म्हणून सर्वांच्या खिशाचा विषय झाला आहे.

वीज जाते कुठे?

वातानुकूलन यंत्र थंडी ‘निर्माण’ करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. या कामाचे माप ‘टन’ या शब्दाने सांगतात. बर्फाच्या व्यापाराच्या काळात एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो ती या मापाची मूळ कल्पना. आजच्या भाषेत एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता. एवढी उष्णता बाहेर टाकण्यास जुनी, झिजलेली मध्यवर्ती यंत्रणा, तिचे पंप आणि पंखे धरून, एक किलोवॉटहून अधिक वीज सहज घेते. पाण्याने थंड होणारी, नीट आखलेली आधुनिक यंत्रणा तेच काम पाऊण किलोवॉटच्या आत करते. फरक लहान वाटतो. पण तो वर्षाचे हजारो तास आणि शेकडो टनांना गुणला म्हणजे लाखांच्या घरात जातो.

परंतु सारा दोष मुख्य यंत्राचाच असतो असे नाही. कूलिंग टॉवरमध्ये साचलेला क्षार, वर्षानुवर्षे न धुतलेल्या जाळ्या, अडकून बसलेल्या झडपा, गरज असो वा नसो दोन्ही पंप एकदम चालविण्याची सवय, या सगळ्यांचा वाटा मोठा असतो. पंख्याचा वेग आणि वीज यांचे नाते सरळ नसते. वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पंख्याचा वेग शंभराऐवजी ऐंशी टक्के ठेवला तर वीज जवळजवळ निम्मी लागते. जुन्या यंत्रणेत वेग कमी-जास्त करण्याची सोयच नसते. पंखा पूर्ण वेगाने फिरतो आणि हवा अडविण्यासाठी वाटेत झडप अर्धी मिटतात. एका पायाने मोटारीचा वेग वाढवावा आणि दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा, असा हा प्रकार आहे.

याहून मूलभूत गोष्ट अशी की, या इमारती ज्या काळात आखल्या गेल्या तो काळच आता बदलला आहे. चोक लावलेल्या ट्यूबलाइटच्या रांगांऐवजी एलईडी दिवे आले. संगणकांची संख्या वाढली, पण त्यांचे अवजड पडदे गेले. मजल्यावरील माणसांची वाटणी बदलली. अशा वेळी ‘जुने यंत्र दोनशे टनांचे होते, सबब नवेही दोनशे टनांचे घ्या’ ही कार्यालयीन टिप्पणी म्हणजे लहानपणचा सदरा प्रौढ माणसाच्या मापासाठी शिंप्याकडे पाठविण्यासारखे आहे. आधी माप घ्यावयास हवे.

न्यूयॉर्कचा धडा

हे माप आधी घेतल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचे आहे. १९३१ मध्ये पुरी झालेल्या या १०२ मजली इमारतीच्या नूतनीकरणात ऊर्जाबचतीची स्वतंत्र योजना २००९ मध्ये जाहीर झाली. शीतकरण यंत्रे जुनी झाली होती आणि नवी, अधिक क्षमतेची बसविण्याचा विचार चालू होता. योजना आखणाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला: यंत्र मोठे का लागते? उष्णता आत येते म्हणून. मग ती आधी का अडवू नये?

इमारतीच्या ६,५१४ खिडक्यांच्या काचा काढण्यात आल्या. त्या फेकून न देता इमारतीतच थाटलेल्या कार्यशाळेत दोन काचांच्या मध्ये पातळ पटल आणि वायू भरून त्या पुन्हा बसविल्या गेल्या. दिवे बदलले, नियंत्रणे सुधारली, भाडेकरूंना त्यांच्या वीजवापराचा हिशेब दिसू लागला. परिणामी थंडाव्याची गरजच सुमारे एक तृतीयांशाने घटली. नवी मोठी यंत्रे घेण्याऐवजी आहे त्याच यंत्रांची आतून दुरुस्ती करणे पुरेसे ठरले आणि त्या एका बदलाने १ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक भांडवली खर्च टळला. ऊर्जाबचतीसाठी पडलेला जादा निव्वळ खर्च सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर. वार्षिक बचतीचा अंदाज ४४ लाख डॉलर. ऊर्जावापरातील घट ३८ टक्के. म्हणजे तीन वर्षांत खर्च वसूल.

यातील आकड्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम उष्णता अडवावयाची, मग नियंत्रणे सुधारावयाची आणि सर्वांत शेवटी यंत्राचा आकार ठरवावयाचा. आपल्याकडे बहुधा नेमके उलटे होते. यंत्र बंद पडते, आरडाओरडा होतो, घाईने निविदा निघते आणि पश्चिमेच्या उघड्या काचेतून ऊन आत येतच राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे हे व्यवहार आहेत.

न्यूयॉर्कचे हवामान निराळे, पैसा निराळा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. म्हणून मुंबईचेच एक उदाहरण पाहावे. फोर्ट भागातील गोदरेज भवन ही १९७२ मधील सहा मजली इमारत. २०१० मध्ये तिच्यात जे बदल करण्यात आले त्यांत वातानुकूलन यंत्रणेची सुधारणा हा सर्वांत मोठा भाग होता आणि गुंतवलेला पैसा पाच वर्षांच्या आत वसूल होण्याचा हिशेब त्यामागे होता. तंत्र येथे उपलब्ध आहे, कुशल माणसे येथे आहेत. मग अडते कुठे?

एक साधे गणित

ते पाहण्यापूर्वी एक काल्पनिक पण व्यवहार्य गणित मांडून पाहू. दोनशे टनांची जुनी यंत्रणा वर्षाला तीन हजार तास चालते, तिच्यावर सरासरी १२० टनांचा भार असतो आणि टनामागे ती १.२ किलोवॉट वीज घेते असे समजा. वर्षाचा वापर ४ लाख ३२ हजार युनिट होईल. तिच्या जागी टनामागे ०.७ किलोवॉट घेणारी तेवढ्याच क्षमतेची नवी यंत्रणा एक कोटी रुपयांत बसविली, तर वापर २ लाख ५२ हजारांवर येईल. युनिटला बारा रुपये धरल्यास बचत २१ लाख ६० हजार रुपये. खर्च साडेचार वर्षांहून थोड्या अधिक काळात वसूल होईल.

आता क्रम बदलून पाहू. आधी वीस लाख रुपये छताचे उष्णतारोधन, खिडक्यांवरील छज्जे, काचांची डागडुजी आणि दिवे यांवर खर्च करून भार चौथाईने घटविला. यंत्रणा दीडशे टनांची पुरेल. त्याच दराने तिला ७५ लाख लागतील. एकूण खर्च ९५ लाख, म्हणजे पहिल्यापेक्षा कमीच. वापर मात्र १ लाख ८९ हजार युनिटांवर येईल आणि वार्षिक बचत २९ लाखांच्या वर जाईल. खर्च सव्वातीन वर्षांत निघेल. पंधरा वर्षांची ही बचत दहा टक्के व्याजदराने आजच्या मोलात मांडली तर ती सुमारे २ कोटी २० लाख रुपये भरते. ९५ लाख घालून सव्वादोन कोटींच्या आसपास परत देणारी गुंतवणूक कोणताही समंजस गृहस्थ सोडणार नाही. शासन आणि सार्वजनिक संस्था ती वर्षानुवर्षे सोडीत असतील, तर त्याचे कारण अज्ञानात नसून हिशेबाच्या पद्धतीत शोधले पाहिजे.

दोन खिसे, एक मालक

पहिले कारण अर्थसंकल्पाच्या रचनेत आहे. यंत्रखरेदी हा भांडवली खर्च, वीजबिल हा महसुली खर्च. त्यांची शीर्षे वेगळी, त्यांना मंजुरी देणारे अधिकारी वेगळे, बहुधा खातीही वेगळी. इमारत आणि तिची यंत्रणा सांभाळते सार्वजनिक बांधकाम खाते. वीजबिल भरते ते त्या इमारतीत बसणारे खाते. बांधकाम खात्याने जादा खर्च करून बिल घटविले तर त्याचे श्रेय आणि पैसा दुसऱ्याच्या पदरात पडतो. उलट स्वस्त यंत्र घेतले तर बांधकाम खात्याची काटकसर दिसते आणि वाढीव बिल दुसराच भरतो. दोन्ही खिसे जनतेच्याच सदऱ्याचे असले, तरी एका खिशातील हाताला दुसऱ्यात काय चालले आहे हे कळत नाही.

खासगी इमारतींतही याच दुखण्याचे दुसरे रूप आढळते. यंत्रणा मालकाची, बिल भाडेकरूचे. मालकाने खर्च करावा तर लाभ भाडेकरूला; भाडेकरूने करावा तर करार संपताच यंत्र मालकाच्या पदरी. दोघेही शहाणपणाने वागतात आणि दोघांच्या शहाणपणातून वीज वाया जाते. अर्थशास्त्रात ज्याला प्रोत्साहनांची फारकत म्हणतात ती हीच. ज्या इमारतींची भाडी जुन्या भाडेनियंत्रणाखाली गोठलेली आहेत तिथे तर दुरुस्तीलाच कोणी वाली नसतो, मग सुधारणेचे नाव कोण काढणार?

दुसरे कारण निविदांचे. सर्वांत कमी किमतीची निविदा स्वीकारावी हा नियम लाचलुचपतीला आळा घालण्यासाठी आला आणि त्याचा उपयोगही झाला. पण ‘कमी किंमत’ म्हणजे कोणती किंमत? पंधरा-वीस वर्षे चालणाऱ्या वातानुकूलन यंत्रणेच्या बाबतीत खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो; मोठा भाग विजेचा. तेव्हा आयुष्यभराच्या एकूण खर्चावर निविदा तोलण्याचा नियम केला, तर पारदर्शकता तीच राहील आणि शहाणपण वाढेल. त्यासाठी यंत्राच्या दाव्याची तपासणी आणि दावा खोटा ठरल्यास दंड, या दोन अटी मात्र अपरिहार्य आहेत.

तिसरे कारण सर्वांत मानवी आहे. एखाद्या कार्यालयाने कसोशीने वीज वाचविली तर पुढील वर्षी त्याचे वीजबिलाचे अनुदान तेवढ्याने कापले जाते. काटकसरीचे बक्षीस म्हणजे कपात! अशा व्यवस्थेत वीज वाचविण्याचा उत्साह कोणाला राहील? वाचलेल्या रकमेचा अर्धा भाग पाच वर्षे त्याच कार्यालयाकडे ठेवून तो कर्मचाऱ्यांच्या सोयींवर, स्वच्छतागृहांवर, पिण्याच्या पाण्यावर खर्च करण्याची मुभा दिली, तर बचतीची देखरेख करण्यासाठी वेगळ्या निरीक्षकाची गरज पडणार नाही.

भांडवल नसल्याची सबबही आता तितकीशी टिकत नाही. कंपनीने स्वतःच्या पैशाने यंत्रणा सुधारावी आणि वाचलेल्या विजेतून आपला पैसा वसूल करावा, ही पद्धत जगभर रूढ आहे. केंद्राच्या अखत्यारीतील ‘एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस’ ही २००९ मध्ये स्थापन झालेली कंपनी याच कामासाठी आहे. तिच्या घाऊक खरेदीमुळे एलईडी दिव्याची खरेदी किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरली होती. अर्थात दिवा आणि इमारत यांत अंतर आहे. दिवे सर्वत्र सारखे. प्रत्येक इमारत निराळी. बचत मोजावयाची तर पूर्वीचा वापर नेमका किती होता हे आधी ठरावे लागते. माणसे वाढली, कामाचे तास बदलले, उन्हाळा कडक झाला, तर वाद उद्भवतात. त्यातच शासनाकडून देणी वेळेवर न मिळण्याची भीती. म्हणून कराराआधी निदान एक वर्ष स्वतंत्र मीटर लावून मोजमाप करणे, हीच या पद्धतीची खरी पायाभरणी होय.

वायूचा वायदा

वाट पाहत बसण्याची मुभा आता आणखी एका कारणाने उरलेली नाही. जुन्या यंत्रांत सर्रास वापरला गेलेला आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये क्रमाने बाद होत आहे. त्याची जागा घेणारे वायू ओझोनला धक्का लावीत नाहीत, पण पृथ्वी तापविण्यात ते कार्बन डाय-ऑक्साइडच्या शेकडो-हजारो पट प्रभावी आहेत. २०१६ मध्ये किगाली येथे झालेल्या दुरुस्तीने त्यांवरही मर्यादा आली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. त्यानुसार २०२८ मध्ये या वायूंचा वापर गोठवावयाचा आणि २०३२ पासून २०४७ पर्यंत टप्प्याटप्प्याने ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे. आज बसविलेले यंत्र २०४५ च्या सुमारास निवृत्त होईल. त्यात कोणता वायू आहे हे न पाहता खरेदी करणे म्हणजे बंद होऊ घातलेल्या रेल्वेमार्गाचा पास काढण्यासारखे आहे. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या शीतकरण कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत शीतकरणासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. नव्या इमारतींसाठी ऊर्जासंहिता आहे. पण जुन्या इमारती हात न लावता सोडल्या, तर हे उद्दिष्ट कागदावरच राहील.

गारवा कोणाचा?

या साऱ्या हिशेबात एक बाजू सहसा राहून जाते, आणि ती कचेरीत काम करणाऱ्यांच्या अनुभवाची आहे. मध्यवर्ती यंत्रणा नसलेल्या किंवा ती बंद पडलेल्या कार्यालयांत हळूहळू एक रचना तयार होते. साहेबांच्या केबिनला स्वतंत्र वातानुकूलन यंत्र. कारकुनांच्या हॉलला पंखे. आणि केबिनच्या यंत्राचा बाहेरचा भाग नेमका त्या बोळात किंवा व्हरांड्यात, जिथे कामासाठी आलेला नागरिक हातात अर्ज घेऊन उभा असतो. एकाच्या खोलीतील उष्णता अशा रीतीने दुसऱ्याच्या अंगावर टाकली जाते आणि दोघांचेही वीजबिल सार्वजनिक तिजोरी भरते. आत १८ अंशांवर शाल पांघरून बसलेला अधिकारी आणि बाहेर घाम पुसणारा अर्जदार, हे चित्र केवळ उधळपट्टीचे नाही, विषमतेचेही आहे.

तापमानाचा प्रश्न तंत्राइतकाच सवयीचा आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती यंत्रांना २४ अंशांचे मूळ तापमान ठरवून देण्यात आले. तापमान एका अंशाने वाढविले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. जपानने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढून कार्यालयांचे तापमान २८ अंशांवर ठेवण्यास सांगितले आणि त्याच आदेशाबरोबर कोट आणि टाय यांतून कर्मचाऱ्यांची सुटका केली. मुंबईच्या दमट हवेत २८ अंश कदाचित झेपणार नाहीत. पण हवेतील ओलावा नीट काढला आणि डोक्यावर पंखा सावकाश फिरत राहिला, तर २६ अंशांना कोणाची तक्रार राहू नये. १८७४ मध्ये पुरे झालेले मुंबईचे जुने सचिवालय पाहावे. पश्चिमेचे ऊन कमानींच्या व्हरांड्यांनी अडविले आहे. यंत्र नसलेल्या त्या काळी वास्तूच यंत्राचे काम करीत असे. तो काळ परत आणता येणार नाही. पण छज्जा, झडप आणि सावली यांची अक्कल काही कालबाह्य झालेली नाही.

येथे एका जुन्या इशाऱ्याची आठवण ठेवावयास हवी. कोळशाचा वापर कार्यक्षम झाला की कोळसा कमी न लागता अधिकच लागतो, असे जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये इंग्लंडच्या संदर्भात दाखवून दिले होते. थंडावा स्वस्त झाला तर तो अधिक वापरला जाईल, हे खरे. परंतु तो वाढलेला वापर कोणाचा असेल, यावर त्याचे बरे-वाईट ठरते. वाचलेल्या विजेतून साहेबांची केबिन आणखी दोन अंशांनी गार होणार असेल तर जेव्हन्सचा इशारा खरा ठरेल. तीच वीज कारकुनांच्या हॉलला, नागरिकांच्या प्रतीक्षालयाला, पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या शाळेतील पंख्यांना मिळणार असेल, तर वापर वाढला म्हणून दुःख करण्याचे कारण नाही. कार्यक्षमता वीज मोकळी करते. ती कोणाला द्यावी हे ठरविणे यंत्राचे काम नव्हे, ते धोरणाचे काम आहे.

तेव्हा करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. प्रत्येक मोठ्या सार्वजनिक इमारतीचे ऊर्जा-लेखापरीक्षण व्हावे आणि तिचा वार्षिक वीजवापर प्रवेशद्वाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावावा. यंत्रखरेदीची निविदा भार घटविण्याच्या उपायांशिवाय निघू नये आणि ती आयुष्यभराच्या खर्चावर तोलली जावी. बचतीचा वाटा बचत करणाऱ्याला मिळावा. आणि यांचा प्रारंभ शासनाने आपल्या हाती येणाऱ्या नव्या-जुन्या इमारतींपासूनच करावा. १,६०१ कोटी रुपये मोजणाऱ्याने त्या वास्तूचे पहिले वीजबिल येण्यापूर्वी हा हिशेब मांडला, तर तो इतर शेकडो कचेऱ्यांना कित्ता होईल. न मांडला, तरी हिशेब चुकणार नाही. तो दरमहा पाठविला जाईल आणि तो भरणाऱ्यांत, व्हरांड्यातील गरम हवेत उभा असलेला अर्जदारही असेल.